पाणी सोडून बघताना

कवठ्याच्या दवाखान्यात नर्सनं नळी घातली,
ती दहा सेंटीमीटरवर अडली.
पुन्हा घातली. तिथंच.
मी शेजारी उभा होतो. मला नळ्यांतलं कळतं.
बावीस वर्षं ठिबक जोडतोय,
देशिंगपासून खाली अग्रणीच्या काठाकाठानं,
द्राक्षं, डाळिंबं, सोळा एमएमची लॅटरल,
बोटानं चाचपून सांगतो कुठं चोंदलीय.
ही पेनातल्या रिफिलएवढी.
आणि चोंदलेली नव्हती.
पुढं वाटच नव्हती.

मिरजेत रात्री अडीचला
मगदूम मॅडमनी केसपेपरच्या पाठीमागं काढून दाखवलं :
वरची अन्ननलिका पिशवीसारखी, तळाशी बंद.
खालची पोटातून वर येते
आणि श्वासनलिकेला जाऊन मिळते.
म्हणजे हवेच्या लाइनीला पाण्याची लाइन जोडली, मी म्हटलं.
त्यांचं पेन थांबलं.
जोडली नाही कुणी, म्हणाल्या,
घडताना वेगळं व्हायचं राहून गेलं.

सगुणाक्का, माझी थोरली बहीण, बाहेर बाकावर.
जन्मल्या जन्मल्या तिनं मधाचं बोट लावलं होतं,
आमच्यात लावतात.
बाळ फेसाळलं, ठसकलं, ओठांपासून निळं होत गेलं.
मधाचा काही संबंध नाही, तिला तिघांनी सांगितलं.
मॅडमनी सांगितलं. ती हो म्हणाली.
पण ते बोट तिनं मुठीत घेतलंय ते घेतलंय.
चहाचा कपसुद्धा डाव्या हातानं.

दोन किलो शंभर ग्रॅम.
कोथिंबिरीच्या काड्यांसारख्या बरगड्या,
त्यांतल्या चौथी-पाचवीच्या मधून आत जाणार.
सही करताना मी विचारलं,
दोन टोकांत अंतर किती?
हे मी रोज विचारतो, लोकांच्या रानात.
अंतर असलं तर मध्ये तुकडा घालतो.
इथं तुकडा नाही, म्हणाल्या,
ताणून जोडायचं, ताणेल तेवढं.
नाहीच पुरलं तर थांबायचं,
त्याला वाढू द्यायचं.

साडेतीन तास.
भिंतीवरून ऑक्सिजनचा तांब्याचा पाइप गेलाय,
त्याचे क्लँप मोजले. सेहेचाळीस.
एक सैल होता. पान्हा घरी.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर भिंगाच्या पट्ट्याचा वळ.
जोडलंय. आठ टाके.
धागा?
केसाहून बारीक.
गळती?
सातव्या दिवशी बघू.

शैलजाला दुसऱ्या दिवशी आणली.
जिना उतरते, पोटाशी हात धरून,
तिचेही टाके ओलेच.
दूध काढते. बाटलीवर पट्टी : बेबी ऑफ शैलजा.
फ्रीजमध्ये नऊ झाल्या, मग तेरा.
तो काचेत झोपलेला
तोंड हलवतो, चुटूचुटू,
काही नसलेलं पितो.
लाळ तेवढी मशीन ओढून नेतं.

नवी लाइन टाकली की मी व्हॉल्व्ह उघडतो
आणि चपला काढून सगळं रान चालतो,
प्रत्येक सांध्याशी वाकतो.
जिथं पायाला ओल लागेल तिथं थांबायचं.
मालक बांधावर उभा असतो.
त्याच्याकडं मी कधी बघितलं नाही.

सातव्या दिवशी बांधावर मी.
पडद्यावर औषधाची धार उतरली,
जोडापाशी आवळली
(मला दिसलं, मॅडमनाही),
रेंगाळली,
मग गेली खाली.
कडेला काही पसरलं नाही.

अरुंद आहे, म्हणाल्या,
पुढं रुंद करावी लागेल, एकदा, कदाचित चारदा.
खोकला राहील बरेच दिवस, पत्र्यावर काठी मारल्यागत.
घाबरायचं नाही. म्हणजे घाबराल, पण या.

दुपारी दोन मिली, चमच्यानं.
शैलजा म्हणाली, गिळलं का?
मी त्याच्या गळ्याकडंच बघत होतो,
मला सांगता येईना.
काचेपलीकडं सगुणाक्का.
आत ये, मी खुणावलं.
हात धुऊन येते, म्हणाली.

नळ कधीचा चालू आहे.